भारत दुसऱ्या देशांना मदत देतो, तेव्हा पैसा नेमका कुठे जातो?

तुमचा प्रश्न मी असा वाचला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात भूतानसाठी २,१५० कोटी, नेपाळसाठी ७०० कोटी, मालदीवसाठी ६०० कोटी असे आकडे तुम्हाला दिसले. तुमच्या तालुक्यात फेब्रुवारी उजाडला की टँकर फिरायला लागतात. मग हे पैसे नक्की कोणाच्या खात्यात जमा होतात, तिथले पुढारीच ते गिळतात का, आणि एकदा दिल्यावर त्यांचं काय झालं हे आपल्याकडून कोणी जाऊन बघतं का?

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. भारत सरकारच्या पैशातून परदेशात होणाऱ्या कामांवर देखरेख करणाऱ्या सल्लागार कंपन्यांकडे माझी बरीचशी नोकरी झाली. ठेकेदाराची रनिंग बिलं तपासायची, मोजमापं घ्यायची, मुदतवाढीच्या अर्जावर शेरा मारायचा, असलं काम. म्हणजे ही यंत्रणा मी फायलीच्या खालच्या टोकाकडून पाहिली आहे. कोणत्या देशाला किती द्यायचं ते दिल्लीत ठरतं, त्याबद्दल मी सांगेन ते वाचून आणि ऐकून. ठरल्यानंतर पैसा कसा सरकतो, ते मात्र जवळून पाहिलेलं आहे.

तर पहिल्यांदा हे चित्र डोक्यातून काढून टाका की मदत म्हणजे परक्या सरकारच्या खात्यात वळती केलेली रक्कम. भूतानचा मोठा अपवाद आणि नेपाळचा छोटा अपवाद सोडला, तर बहुतेक पैसा भारतातल्या कंपनीच्या किंवा सरकारी उपक्रमाच्या, भारतातल्याच बँक खात्यात जमा होतो. परदेशात पोचतं ते सिमेंट, ट्रान्सफॉर्मर, रूळ, पंप, इंजिनिअर आणि शेवटी किल्ली. तिथल्या मंत्र्याला हात मारायचाच असेल तर त्याला वेगळे मार्ग आहेत, पण रोकड त्याच्या हातात फारशी येत नाही. म्हणून "पैसे कोणी खाल्ले" याच्याआधी "काम धड झालं का आणि पुढे चाललं का" हे विचारायला हवं. पाणी बहुतेक वेळा तिथे मुरतं.

आता देतं कोण? जपानची मदत देणारी संस्था जायका आपल्याला माहीत आहे. मुंबईतली मेट्रो ३ आणि अटल सेतू तिच्याच कर्जातून उभे राहिले. अमेरिकेची यूएसएड होती, तिचा कारभार २०२५ मध्ये गुंडाळून उरलेलं काम परराष्ट्र खात्यात घेतलं गेलं. भारताकडे अशी स्वतंत्र संस्था नाही. २००७ च्या अर्थसंकल्पात तशी घोषणा झाली होती, पण ती कागदावरच राहिली. जानेवारी २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयातच एक विभाग काढला, त्याला डीपीए म्हणतात. विकासातल्या भागीदारीचा कारभार बघणारा विभाग. तिथे मोजके अधिकारी असतात, बरेचसे परराष्ट्र सेवेतले, दोन-तीन वर्षांनी बदलून जाणारे. प्रत्यक्ष काम दुसऱ्यांच्या हातांनी होतं: कर्ज असेल तर आयात-निर्यातीला कर्ज देणारी सरकारी एक्झिम बँक, धरण-कालवा असेल तर वॅप्कॉस, रेल्वे असेल तर राइट्स किंवा इरकॉन (या तिन्ही सरकारी कंपन्या), सीमेवरचा रस्ता असेल तर बीआरओ, म्हणजे सीमा रस्ते संघटना, आणि सगळ्यावर डोळा ठेवायला त्या देशातला आपला दूतावास. एक्झिम बँकेचं मुख्यालय आपल्या मुंबईतच आहे, कफ परेडला. आफ्रिकेतल्या कित्येक वीजवाहिन्यांच्या आणि साखर कारखान्यांच्या फायली तिथून हलतात.

मदत कुठल्या प्रकारची आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. सगळ्यात मोठा प्रकार कर्जाचा, म्हणून त्याच्यावर जरा जास्त बोलतो.

याला लाइन ऑफ क्रेडिट म्हणतात, आमच्या बोलण्यात नुसतं एलओसी. २००३-०४ पर्यंत अशी कर्जं सरकार थेट सरकारला द्यायचं, नंतर ती एक्झिम बँकेमार्फत द्यायला सुरुवात झाली. साठाहून अधिक देशांना मिळून ३०० च्या वर अशी कर्जं मंजूर झालेली आहेत, बेरीज ३० अब्ज डॉलरच्या आसपास. मंजूर झालेली, हा शब्द लक्षात ठेवा. मंजुरी आणि खर्च यांत वर्षांचं अंतर असतं आणि काही कर्जं वापरलीच जात नाहीत. परिषदेत नेत्यांनी हस्तांदोलन करून जाहीर केलेला आकडा मी म्हणून कधीच खरा धरत नाही.

क्रम असा असतो. समजा आफ्रिकेतल्या एखाद्या देशाला वीजवाहिनी हवी आहे. त्यांचं सरकार प्रस्ताव आणि प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर, आपल्या दूतावासाकडे देतं. तो दिल्लीला जातो, परराष्ट्र आणि अर्थ मंत्रालय मिळून छाननी करतात, मंत्र्यांच्या पातळीवर मंजुरी होते. मग अर्थ मंत्रालय एक्झिम बँकेला पत्र देतं आणि बँक त्या देशाशी करार करते. २०१५ च्या नियमांत गरीब देशांसाठी दीड टक्का व्याज, २५ वर्षांची मुदत आणि पहिली ५ वर्षं मुद्दल फेडण्यातून सूट अशा अटी होत्या. जरा बऱ्या स्थितीतल्या देशांना पावणेदोन टक्के आणि २० वर्षं. करारावर सही झाली म्हणजे काम सुरू झालं असं मात्र नाही. काही देशांत संसदेची मान्यता लागते, कायदेशीर अभिप्राय लागतो. निवडणूक आली, सरकार बदललं, तर फाइल तिथेच बसते.

एवढं झाल्यावर निविदा निघते, आणि ती फक्त भारतीय कंपन्यांसाठी. कंत्राटाच्या किमतीतला किमान ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच यायला हव्यात. उरलेला चौथा हिस्सा बाहेरून घेता येतो. ज्या कामात माती, खडी, वाळू आणि मजुरीच जास्त, तिथे ७५ टक्के गाठणं अवघड असतं, म्हणून काही वेळा दहा टक्क्यांपर्यंत सूट मिळते. माल जहाजावर चढला किंवा साइटवर काम झालं, की आमच्यासारखा सल्लागार आणि त्या देशाचं खातं बिल प्रमाणित करतं. कागद बँकेत जातात आणि एक्झिम बँक ठेकेदाराला इथेच पैसे देते. कर्ज त्या देशाच्या नावावर चढतं आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं तो देश डॉलरमध्ये फेडत राहतो.

गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत पीककर्जाचा काही भाग खताच्या रूपात मिळतो, तसंच हे. पैसे खतवाल्याला मिळतात, कर्ज शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर. फरक इतकाच की इथे खतवाला आपला आहे. किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप असेच सेनेगलच्या भातशेतीवर गेले. घानातला तेमा ते म्पाकादान रेल्वेमार्ग मुंबईच्या अ‍ॅफकॉन्सने बांधला, मालदीवमध्ये मालेला शेजारच्या बेटांशी जोडणारा पूलही त्यांच्याकडेच आहे. त्या पुलाचं गणित बघण्यासारखं आहे: ४० कोटी डॉलर कर्ज आणि १० कोटी डॉलर अनुदान. नुसतं कर्ज त्या देशाला पेलवत नसलं की असा जोड दिला जातो.

मग आपल्या अर्थसंकल्पातून यात जातं काय? बँकेला बाजारात ज्या दराने पैसा उभा करावा लागतो आणि ज्या दराने ती देते, त्यातला फरक भारत सरकार भरतं. शिवाय कर्ज बुडालं तर सरकारची हमी असते. म्हणजे १० कोटी डॉलरचं कर्ज जाहीर झालं म्हणून १० कोटी डॉलर तिजोरीतून गेले असं होत नाही. पण फुकट आहे असंही कोणी म्हणू नये, कारण बुडीताचा धोका खरा आहे. श्रीलंकेचंच उदाहरण घ्या. २०२२ मध्ये तिथे पेट्रोलपंपांवर दिवसदिवस रांगा होत्या, तेव्हा आपण स्टेट बँकेमार्फत अन्न-औषधांसाठी १ अब्ज डॉलर आणि एक्झिम बँकेमार्फत तेलासाठी ५० कोटी डॉलर अशी उधारी काही आठवड्यांत दिली. एरवी याच यंत्रणेला एका वीजवाहिनीला पाच-सहा वर्षं लागतात. दिल्लीने मनावर घेतलं की काय होतं ते तेव्हा दिसलं. पुढे श्रीलंकेने परतफेड थांबवली, तेव्हा भारत, जपान आणि फ्रान्स मिळून कर्जफेडीच्या नव्या अटी ठरवत बसले, आणि २०२५ मध्ये भारताने १० कोटी डॉलरहून अधिक कर्जाचं अनुदानच करून टाकलं.

एलओसीच्या नियमांत एक छोटं कलम आहे, जे रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात दर वेळी छापून येतं: या निर्यातीवर एजंटचं कमिशन कर्जाच्या पैशातून देता येणार नाही. निर्यातदाराला द्यायचंच असेल तर त्याने स्वतःच्या खिशातून द्यावं. ज्याने हे कलम लिहिलं त्याला धंदा कसा चालतो ते नीट माहीत होतं. कमिशन थांबलं का? स्वतःच्या खिशातून दिलेलं दर फुगवून वसूल करता येतं, एवढंच सांगतो.

दुसरा प्रकार अनुदानाचा. हा पैसा परत यायचा नसतो आणि तो सरळ परराष्ट्र मंत्रालयाच्या तरतुदीतून जातो. अफगाणिस्तानची संसद, हेरात प्रांतातलं सलमा धरण, झारंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता ही यातली गाजलेली कामं. सलमाचं काम वॅप्कॉसकडे होतं. पाकिस्तानातून वाट नाही, म्हणून यंत्रसामग्री समुद्रमार्गे इराणच्या बंदर अब्बासला, तिथून सुमारे १,२०० किलोमीटर रस्त्याने अफगाण सीमेवर आणि पुढे आणखी ३०० किलोमीटर साइटवर न्यावी लागली. सिमेंट, सळई, सुरुंगाची दारू शेजारच्या देशांतून. २०१६ मध्ये धरण पूर्ण झालं तोवर खर्च १,७७५ कोटींच्या घरात गेला होता, मूळ अंदाजाच्या कितीतरी पट. यावर "घोटाळा" म्हणणारे भेटतात. मी एवढंच म्हणेन की अशा जागी मूळ अंदाजच भाबडा असतो. तो दिल्लीत बसून, आपल्याकडच्या दरसूचीला काहीतरी टक्केवारी लावून केलेला असतो. सुरक्षेचा खर्च, वाहतूक, विमा, बंद पडलेले महिने यांचा त्यात पत्ता नसतो. मी एखादा अंदाज तपासायला घेतो तेव्हा वाहतुकीच्या रकान्यापासून सुरुवात करतो. तो गुळगुळीत गोल आकडा असेल तर बाकीचं वाचण्यात फारसा अर्थ नसतो.

अनुदानातली मला सगळ्यात आवडलेली पद्धत मात्र ठेकेदारच नसलेली. श्रीलंकेत यादवी संपल्यावर भारताने ५०,००० घरांची योजना घेतली. पहिली हजार घरं प्रायोगिक म्हणून ठेकेदाराकडून बांधून घेतली. उत्तर आणि पूर्व भागातल्या पुढच्या सुमारे ४५,००० घरांसाठी रीत बदलली: प्रत्येक कुटुंबाला साडेपाच लाख श्रीलंकन रुपये हप्त्याहप्त्याने थेट बँक खात्यात, आणि घर त्यांनी स्वतः बांधायचं. टप्पा पूर्ण झाल्याचं तपासून पुढचा हप्ता. संयुक्त राष्ट्रांची वस्तीविषयक संस्था, रेड क्रॉस यांच्यासारख्यांनी तांत्रिक मदत करायची, म्हणजे पाया किती खोल, जोडणी कशी, एवढं बघायचं. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर गोरखा आणि नुवाकोट जिल्ह्यांतली ५०,००० घरं याच वाटेने झाली, तीन हप्त्यांत तीन लाख नेपाळी रुपये.

आता बघा, इथे पैसा खरोखरच परदेशातल्या माणसाच्या खात्यात गेला, भारतीय कंपनीला काही मिळालं नाही, आणि तरी (मी म्हणेन, म्हणूनच) ही घरं वापरात आहेत. बाई स्वतः विटा मोजून घेते, गवंड्याच्या डोक्यावर उभी राहते, वाटलं तर पदरचे पैसे घालून खोली वाढवते. आपल्याकडे किल्लारीच्या भूकंपानंतर दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी दिसल्या होत्या. ५२ गावं उठवून नव्या जागी आखीव-रेखीव वसाहती बांधून दिल्या, आणि हजारावर गावांत लोकांना पैसे व साहित्य देऊन आपापली घरं दुरुस्त करू दिली. लातूर-धाराशिवकडच्या कोणालाही विचारा, आखीव वसाहतीत गुरं कुठे बांधायची हा प्रश्न किती वर्षं छळत होता. घरांच्या बाबतीत मालकाच्या हाती पैसा ही पद्धत मी डोळे मिटून सुचवेन. पण वीजवाहिनी किंवा धरण असं बांधता येत नाही, तिथे ठेकेदार लागतोच. तेव्हा "थेट लोकांना द्या" हे उत्तर सगळीकडे लागू पडत नाही.

नेपाळमध्ये आणखी एक पद्धत २००३ पासून चालू आहे: शाळेची इमारत, आरोग्यकेंद्र, छोटा पूल अशी कामं. पैसा आपला, पण निविदा काढायची तिथल्या स्थानिक पालिकेने, नेपाळच्या नियमांनी, ठेकेदारही तिथलाच. दूतावास टप्प्याटप्प्याने रक्कम देतो. एका कामाची मर्यादा पूर्वी ५ कोटी नेपाळी रुपये होती, २०२४ च्या जानेवारीत ती २० कोटींपर्यंत वाढवायचं ठरलं. कामं लहान, गवगवा नाही, पण गावाला हवी ती असतात, कारण मागणी गावातून आलेली असते.

भूतानचं सगळंच वेगळं. १९६१ ची त्यांची पहिली पंचवार्षिक योजना पूर्णपणे भारताच्या पैशावर झाली होती. आजही तिथे रक्कम त्यांच्या सरकारला मिळते, त्यांच्या योजनेतल्या ठरलेल्या कामांसाठी, आणि दोन्ही बाजूंचे अधिकारी ठराविक काळाने बसून हिशेब व पुढचे हप्ते ठरवतात. २०२४ ते २०२९ च्या योजनेसाठी भारताने १०,००० कोटी रुपये कबूल केले आहेत. शिवाय तुम्ही पाहिलेल्या २,१५० कोटींत नुसतं अनुदान नाही, कर्जही आहे, आणि ते मुख्यतः जलविद्युत प्रकल्पांचं असतं. चुखा हा ३३६ मेगावॉटचा पहिला मोठा प्रकल्प ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज असा झाला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो पूर्ण चालू झाला आणि त्यांची जास्तीची वीज आपणच विकत घेतो. नंतर ताला १,०२० मेगावॉट, मांगदेछू ७२० मेगावॉट. त्यांना उत्पन्न, आपल्याला वीज. याच्याइतकं चोख बसलेलं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. तरी तिथेही डोंगर कोणाचं ऐकत नाही. पुनातसांगछू-१ च्या धरणाच्या जागी २०१३ मध्ये उजवा काठ घसरला आणि १,२०० मेगावॉटचा प्रकल्प वर्षानुवर्षं रखडला. खडकाचा अभ्यास आधी किती झाला होता यावर आमच्या क्षेत्रात अजून वाद चालतात.

प्रशिक्षणाचं आटोपशीर सांगतो. १९६४ पासून आयटेक नावाची योजना आहे: परदेशी अधिकारी, तंत्रज्ञ यांना भारतात आणून काही आठवडे शिकवायचं. विमानभाडं, राहणं, फी सगळं आपलं. पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत अनेक आफ्रिकी विद्यार्थी याच वाटेने आले आहेत. घानाची राजधानी आक्रा इथे २००३ मध्ये कोफी अन्नान यांच्या नावाने संगणक केंद्र उभं राहिलं, त्यातही सी-डॅकचा हात होता. खर्चाच्या मानाने आयटेकचा परतावा फार मोठा आहे असं माझं मत आहे. कुठल्याही देशातल्या वीजमंडळात गेलो आणि तिथला एखादा मुख्य अभियंता हैदराबादला किंवा रुरकीला शिकलेला निघाला, की अर्धं काम झाल्यातच जमा असतं.

पुण्याचंच आणखी एक नाव सिरमचं. जानेवारी २०२१ मध्ये तिथली कोविशिल्ड मुंबई विमानतळावरून भूतान आणि मालदीवला गेली, ती अनुदान म्हणून. त्यानंतर जगभर गेलेल्या डोसांपैकी मोठा भाग मात्र विकलेला किंवा कोवॅक्स या लसवाटपाच्या जागतिक योजनेच्या करारातला होता. बातमीत सगळ्याला मदतच म्हटलं गेलं. आकडा वाचताना ही चाळणी लावायला हवी.

आता बिघडतं कुठे. लोकांना वाटतं मधल्या टप्प्यात, बांधकाम चालू असताना. मला तसं दिसलेलं नाही. बांधकामावर दहा डोळे असतात: सल्लागार, एक्झिम बँक, दूतावास, तिथलं खातं. बिघाड बहुधा सुरुवातीच्या अहवालात असतो नाहीतर हस्तांतरणानंतरच्या वर्षांत.

डीपीआर कर्ज घेणाऱ्या देशाने करायचा असतो. पण त्याच्याकडे त्यासाठी ना माणसं असतात ना पैसे. मग ज्याला पुढे कंत्राट मिळायची आशा आहे असा कोणीतरी "आम्ही करून देतो" म्हणून येतो. तो अहवाल त्याच्याकडे असलेल्या मालाच्या मापाने शिवलेला असतो. २०१५ च्या नियमांनी यावर थोडा लगाम घातला. ठेकेदारांची पूर्वपात्रता एक्झिम बँक तपासू लागली, आमच्यासारखे सल्लागार नेमणं वाढलं. सुधारणा झाली, पण अहवालाची चलाखी गेली असं मी म्हणणार नाही.

इथिओपियातला तेंदाहोचा साखर प्रकल्प आपल्या लोकांना चटकन समजेल. २००७ मध्ये तिथल्या साखर उद्योगासाठी ६४ कोटी डॉलरचं कर्ज ठरलं, त्या वेळचं मोठंच. कारखाना भारतीय कर्जातून, धरण आणि ऊसलागवड त्यांच्याकडून. दोन्हींचं वेळापत्रक जुळलं नाही. ऊस उभा राहिला आणि कारखाना मागे राहिला. गाळपाविना उभा ऊस म्हणजे काय हे सांगली-सोलापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कर्जाच्या कागदात कारखान्याची प्रत्येक तुळई मोजलेली असते, पण ऊस कधी तयार होणार ही ओळ त्या कराराच्या बाहेरची असते. एका प्रकल्पाचे तुकडे वेगवेगळ्या खिशांतून झाले की त्यांच्यातली शिवण कोणाचीच नसते.

हस्तांतरणानंतरची गोष्ट याहून साधी आणि जास्त त्रासदायक. ठेकेदाराची दोषदायित्वाची मुदत, म्हणजे कामात निघालेले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा काळ, बहुतेक वेळा एक वर्ष असते. ती संपली, बँक गॅरंटी सुटली, की तो निघून जातो. पूर्व आफ्रिकेतल्या एका ग्रामीण पाणीयोजनेवर मी पाहिलेलं: पंप उत्तम, टाकी उत्तम, पण वीजबिल कोणी भरायचं हे जिल्हा आणि पालिका यांच्यात ठरलेलंच नव्हतं. सुटे भाग भारतातून मागवायचे तर परकीय चलनाची परवानगी राजधानीतून. दोन हंगाम चालली, मग थांबली. आपल्याकडच्या कित्येक प्रादेशिक पाणीपुरवठा योजनांचीही हीच कथा आहे. म्हणून कुठलाही अहवाल हातात आला की मी शेवटचं प्रकरण आधी उघडतो: चालवण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च. तिथे दीड पान असेल आणि "संबंधित खाते आवश्यक ती तरतूद करेल" असं वाक्य असेल, तर काय होणार ते कळतं.

टँकरबद्दल. तुमचा राग मला कळतो, पण हिशेब घातला तर २०२५-२६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाची सगळी मिळून तरतूद २०,५१६ कोटी होती आणि केंद्राचा अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा. म्हणजे दूतावास, पगार, पासपोर्ट आणि मदत धरूनही शेकडा अर्ध्या रुपयाच्या आत. तुमच्या तालुक्यात पाणी नाही ते भूतानला पैसे दिल्यामुळे नाही. आणि ही मदत निव्वळ दानधर्म आहे असंही समजू नका. शेजारी दुसऱ्या कोणाकडे झुकू नये, आपल्या कंपन्यांना काम मिळावं, संयुक्त राष्ट्रांत मत मिळावं, हे सगळं त्यात असतं. यात मला वावगं वाटत नाही, जपान आणि चीनही तेच करतात. खटकतं ते हे, की या हेतूंमुळे उद्घाटनाच्या तारखेला फार महत्त्व येतं आणि त्यानंतरच्या दहा वर्षांना काहीच नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न, कोणी बघतं का? काम पूर्ण झालं का हे बघितलं जातं. बिलं, प्रमाणपत्रं, अनुदानाची उपयोगिता प्रमाणपत्रं, कॅगचं लेखापरीक्षण, एवढं सगळं असतं. पाच वर्षांनी ते चालू आहे का, हे नियमाने कोणी जाऊन बघताना मला दिसलेलं नाही. क्वचित कोणी अभ्यास करतो, नाहीतर दूतावासातल्या एखाद्या उत्साही अधिकाऱ्याच्या मनावर. तुम्हाला खोलात जायचं असेल तर संसदेची परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समिती दरवर्षी मंत्रालयाच्या मागण्यांवर अहवाल देते, तो लोकसभेच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात कोणत्या देशासाठी किती तरतूद होती, किती खर्च झाला, काय रखडलं यावर मंत्रालयाला विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं असतात. वाचायला रूक्ष आहे, पण अर्थसंकल्पाच्या बातमीपेक्षा कितीतरी जास्त कळतं. आणि माहितीच्या अधिकारात अर्ज करणार असाल तर "किती खर्च झाला" असं विचारू नका, त्याचं उत्तर तयारच असतं. एखाद्या ठराविक कामाचं नाव घालून विचारा: हस्तांतरण कोणत्या तारखेला झालं, त्यानंतर भारताकडून पाहणी कधी झाली, आणि त्या पाहणीच्या अहवालाची प्रत.